देणगीसाठी पुणे ते जेजुरी पायी : पैसे कुणाच्या खात्यात घेता ते आधी बघा

वहिनीच्या उपचारांच्या वेळी गावाकडची मंडळी ज्या संस्थेत महिनाभर राहिली, तिच्यासाठी पैसे उभे करायचे म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही चौघी स्वारगेट ते जेजुरी चालत गेलो. साधारण पन्नास किलोमीटर, मुक्काम सासवडला. ओळखीच्यांनी किलोमीटरमागे पाच, दहा, कुणी पन्नास रुपये कबूल केले होते. तळजाई आणि पर्वतीच्या पायऱ्या दोन महिने केल्या होत्या, त्यामुळे पाय टिकले. चालण्याबद्दल एवढंच.

अडलं ते पावत्यांपाशी. निघण्याआधी मी संस्थेच्या ऑफिसात विचारलं होतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही गोळा करा आणि एकदम आणून द्या." म्हणून मी माझाच क्यूआर सगळ्या ग्रुपवर टाकला. सदतीस जणांनी माझ्या खात्यात पैसे पाठवले. जेजुरीहून आल्यावर यादी घेऊन एकरकमी भरायला गेले, तर अकाउंटंट म्हणाले, "ताई, पैसे तुमच्या खात्यातून आले की देणगीदार तुम्ही. पावती एकच निघेल, तुमच्या नावाची."

मी तासभर वाद घातला. यादी दाखवली, मोबाईलवरचे व्यवहार दाखवले. ते हलले नाहीत, आणि नियम त्यांच्याच बाजूनं होता. ८०जीची वजावट, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सवलत, हवी तर प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम संस्थेला आयकर खात्याकडे १०बीडी फॉर्ममध्ये कळवावी लागते, आणि त्यावरूनच ज्याचं त्याला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती? तो राग अजून गेलेला नाही.

मग सदतीस जणांना पैसे परत पाठवले आणि संस्थेच्या खात्यात पुन्हा भरायला सांगितलं. अडीच आठवडे रोज रात्री फोन. "पैसे परत का आले? संस्था खोटी आहे का?" असं माझ्या सख्ख्या आत्यानं विचारलं तेव्हा रडू आलं. व्हॉट्सअॅपवर पॅन पाठवायला लोक घाबरत होते, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी तिसऱ्या खेपेला ऑफिसातून देणगीचे छापील फॉर्म आणले आणि घरोघरी फिरून भरून घेतले. एकोणतीस जणांनी पुन्हा पैसे दिले, आठ जणांनी नाही.

आता लक्षात येतंय, पावती कुणाला हवीये हेच मी आधी विचारायला हवं होतं. नवी कररचना घेतलेल्यांना ८०जीचा उपयोगच नाही. रोख घेऊ नका, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही. एका काकांनी पाच हजार रोख आणून ठेवले होते, त्यांना चेक लिहायला लावला. पॅनमधली अक्षरं समोर बसून दोनदा वाचून घ्या. आणि १०बीई लगेच मिळत नाही. संस्थेची मुदत मार्चनंतर थेट ३१ मेपर्यंत असते, हे पैसे घेतानाच सांगून टाका, म्हणजे एप्रिलभर फोन येत नाहीत.

हो, आणि दिवे घाट उन्हाच्या आत चढा. आम्ही पहाटे साडेचारला निघूनही मस्तानी तलावाशी पोचेपर्यंत डोक्यावर ऊन आलं, आणि पुढचा सगळा चढ ट्रकांच्या धुरात काढला. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, समोरून येणारी गाडी दिसते. पायमोज्यांचे दोन जोड घाला. नखं दोन दिवस आधीच कापा, आदल्या रात्री कापलीत तर दुखतात.

जेजुरीच्या पायऱ्यांवर कुणीतरी आमच्या कपाळाला भंडारा लावला तेव्हा चौघींपैकी कुणालाच बोलता येईना. घरी आल्यावरही दोन दिवस मी तो पुसला नाही.

प्रमाणपत्रं जूनच्या पहिल्या आठवड्यात आली, एकोणतीसच्या एकोणतीस. आत्यानं दुसऱ्यांदा पैसे दिले नाहीत. तिच्या वाटचे पाचशे मी भरले. ती पावती माझ्या नावावर आहे.