रात्रीची लाईन

२४ फेब्रुवारी २०२६, दारव्हा तालुका

घरी येऊन तिसरा दिवस. झोप अजून जर्मनीतल्या केम्निट्झच्या घड्याळावर चालते. इथं रात्रीचा एक वाजतो तेव्हा तिथं साडेआठ, आणि साडेआठला मी आजवर कधी झोपले नाही. म्हणून ही वही काढली.

आज दिवसभर बायका येऊन गेल्या. सगळ्यांचा एकच प्रश्न, "तिकडं कसं हाये वो?" मी ठरलेली उत्तरं देते. थंडी लय. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद, कायद्यानंच. पहिल्या रविवारी घरात दूध नव्हतं तर कोरा चहा प्याले. पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात, हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "मंग तू बाटल्याच येचत जा ना, शिकते कायले?" त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तिथं खरंच म्हातारी माणसं कचऱ्याच्या डब्यात हात घालून बाटल्या शोधताना दिसतात, ते काही सांगितलं नाही.

मग काकूंनी पगार विचारला. मी सुट्टीच्या दिवशी एका गोदामात खोकी भरते. तासाला किमान वेतन, १३ युरो ९० सेंट. रुपयांत सांगितलं तर चौदाशेच्या वर जातं, म्हणून मी आकडा गिळला आणि "भागते" एवढंच म्हटलं. काकू दिवसभर वाकून कापूस वेचतात तेव्हा पाचशेच्या आत-बाहेर पडतात, तेही बोंड चांगलं फुटलं असेल तर. खोलीभाडं, विमा, बँकेचा हप्ता हे सगळं मांडून दाखवलं असतं तरी तो आकडा मधे तसाच उभा राहिला असता. व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागले होते, महिन्याला त्यातले ९९२ हातात यायचे. त्यासाठी काढलेलं कर्ज आमच्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढलेलं आहे. काकूंना ते माहीत आहे. गावात कोणाच्या सातबाऱ्यावर काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं. केम्निट्झला माझ्या समोरच्या दारात कोण राहतं, हे मला दीड वर्षात कळलेलं नाही.

बाबांना मात्र पगाराशी देणंघेणं नव्हतं. त्यांना शहराची गोष्ट हवी असायची. एकदा सांगितलं की केम्निट्झला पूर्वी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत, इतक्या सूतगिरण्या होत्या. ते म्हणाले, "आन् कापूस पिकते तिथं?" म्हटलं, एक बोंड नाही. मग बराच वेळ शकुंतलेवर बोलले. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी इंग्रजांनी कापसासाठीच टाकलेली. आता तिचे रूळ गवतात गेलेत.

ही सगळी बोलणी रात्रीची. हेच खरं लिहायचं होतं, फाटे फुटत गेले.

आमच्याकडे ओलिताला लाईन, म्हणजे वीज, आठवड्यातले तीन दिवस दिवसा आणि चार दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत बारा-साडेबाराला यायची. हरभऱ्याला, गव्हाला स्प्रिंकलर लावायचं, दोन-तीन तासांनी पाईप उचलून पुढं न्यायचे, मधे धुऱ्यावर बसून राहायचं, कारण रानडुकरं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, कानाला मफलर आणि त्यात कोंबलेला फोन. पाईप चालू झाले की बाबा मला फोन लावत. तिथं तेव्हा संध्याकाळचे आठ-साडेआठ. मी मेसमधून, नाहीतर गोदामातून आलेली असायची, कुकर लावलेला असायचा. माझ्याही खिडकीबाहेर अंधारच.

गावात होते तेव्हा बाबा माझ्याशी एवढं बोलल्याचं आठवत नाही. दिवसा ते वावरात, मी येष्टीत किंवा कॉलेजात. रात्री जेवताना ताटाशी "पेपर कसा गेला" एवढंच. सहा हजारांच्या वर किलोमीटर लांब गेल्यावर ते दोन-दोन तास बोलायला लागले, कारण झोपून चालायचं नव्हतं आणि धुऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं.

दहा वाजले की माझी पंचाईत. तिथं रात्री दहा ते सहा शांतता पाळायची असते आणि भिंती पातळ. मी पांघरुणात तोंड घालून बोलायची.

"काहून एवढी हळू बोलून राहिली? कोणी निजलं हाये का?"

"अख्खी बिल्डिंग निजली बाबा."

"इतल्या लवकर? लाईन गेली का तिथली?"

तिथली लाईन दीड वर्षात एकदाही गेली नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त "थांब, नोझल फसलं" म्हणून उठले. पुढची दहा मिनिटं मी नुसतं पाण्याचं फटफट ऐकत होते.

२६ फेब्रुवारी

काल लिहिलंच नाही, वावरात गेले होते. गव्हाचं शेवटचं पाणी चालू आहे. ओंब्या भरल्यात. धुऱ्यावरचा पळस फुललाय. आणि पाणी चालू होतं भर दुपारी!

आमचं फीडर आता सौर वाहिनीवर आलं. उपकेंद्राजवळच्या गायरानात पॅनेल बसवलेत, त्यावरून लाईन दिवसाच येते. जानेवारीपासून रात्रीची पाळी बंद. बिल तर साडेसात एचपीपर्यंत आधीच माफ आहे. बाबा सहा वाजता घरी येतात, आठला जेवतात, नऊला खाटेवर. आई म्हणते, वीस वर्षांत पहिल्यांदा हिवाळ्यात माणूस घरात निजला. मागच्या साली पलीकडच्या वावरात रात्री पाईप बदलताना एकाला साप चावला होता, वाचला नाही. असं असताना मनात जे येतं ते लिहायलाही लाज वाटते. पण रोजनिशी आहे, म्हणून लिहिते. जानेवारीपासून फोन आठवड्यातून एकदा येतो, आईच लावून देते, आणि "बरी हायेस ना" झालं की बाबा तो आईकडे देतात. मला वाटलं होतं ते थकलेत.

एप्रिलमध्ये परत जाईन तेव्हा तिकडं घड्याळ एक तास पुढं गेलेलं असेल. बाबांचे नऊ म्हणजे माझे साडेपाच. तेव्हा मी प्रयोगशाळेत असते. रविवार उरतो. रविवारी बाबा लग्नाकार्याला नाहीतर बाजाराला.

आत्ता एक वाजून गेलाय. मघाशी पाणी प्यायला उठले तर बाबा अंगणात खाटेवर बसलेले, मफलर कानाला गुंडाळून. थंडी तेवढी नाही खरं तर. मी पायरीवर बसले. आम्ही दोघं आठ वाजता एकाच ताटलीतला ठेचा घेऊन जेवलो होतो, तरी त्यांनी विचारलं,

"जेवली का वो माय?"

"हाव."

"काय केलतं?"

म्हटलं, खिचडी. कुकरमध्ये.

ते थोडे सरकले, खाटेवर जागा केली. "याईले झोपच नाही येत आता," आतून आईचा आवाज आला, "हे सोलरनं वाट लावली."