सदाफुली, तंबाखूचं पान आणि एनएडीची कात्री

चाळीच्या कठड्यावर, रंगाच्या रिकाम्या डब्यात, तुळशीच्या शेजारी. सदाफुलीला एवढी जागा पुरते. पाणी घालायचं विसरलात तरी ती फुलतच राहते. या झाडाच्या पानात व्हिन्क्रिस्टीन असतं. परळच्या टाटा रुग्णालयापासून जगभरातल्या वॉर्डांत रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते दर आठवड्याला शिरेतून दिलं जातं. त्यामुळे हातापायांना ज्या मुंग्या येतात, त्यामागे एक प्रथिन आहे. त्याच प्रथिनाचा एक तुकडा तंबाखू, जवस आणि टोमॅटोच्या पानात रोगाशी लढायला वापरला जातो. गेल्या आठ-नऊ वर्षांत हे स्पष्ट झालं, पण मराठीत त्यावर फारसं लिहिलेलं नाही.

आधी औषध. ही पानं कॅनडात तपासायला घेतली ती मधुमेहासाठी. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या. त्यातून १९५८मध्ये व्हिनब्लास्टीन हे कर्करोगाचं औषध आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टीन हाती लागलं. व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३मध्ये परवानगी मिळाली. (आपल्याकडे अजूनही ‘शुगर’साठी सकाळी सदाफुलीची पानं चावणारे आहेत. चावू नका. पानात किती अल्कलॉइड (हीच विषारी औषधी द्रव्यं) आहे ते कुणी मोजलेलं नसतं.)

मुलांसाठी मात्रा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला १.५ मिलिग्रॅम, मोठ्यांना १.४, आणि एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा. २० किलो वजनाचं, ११० सेंमी उंचीचं मूल घ्या. ११० गुणिले २०, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ ०.७८ चौरस मीटर. म्हणजे मात्रा १.१७ मिलिग्रॅम. मिलीला १ मिलिग्रॅमची बाटली असते, तेव्हा जेमतेम १.२ मिली द्रव. इतकं थोडं असल्याने ते सिरिंजमध्ये भरून ठेवण्याचा मोह होतो, आणि सगळ्यात भयंकर चूक तिथेच होते. याच मुलांना पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषधही द्यायचं असतं. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये असल्या आणि अदलाबदल झाली, तर कण्यात गेलेलं व्हिन्क्रिस्टीन बहुतेक वेळा जीव घेतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, की ते सिरिंजमध्ये भरूच नये, सलाइनच्या २५ किंवा ५० मिलीच्या छोट्या पिशवीत मिसळून द्यावं. पिशवी कुणी चुकून कण्याच्या सुईला लावत नाही. एवढा साधा उपाय, पण सूचनाफलकांच्या ढिगापेक्षा जास्त कामाचा.

व्हिन्क्रिस्टीन शिरेबाहेर गळलं तर ड्रिप ताबडतोब बंद करायची, सुई न काढता जमेल तेवढं औषध मागे ओढायचं आणि कोरडा गरम शेक द्यायचा: १५-२० मिनिटं, दिवसातून चार वेळा, एक-दोन दिवस. बर्फ लावायचा नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं दुसरं औषध गळलं तर बर्फ, सदाफुलीतली (व्हिन्का) औषधं गळली तर शेक. हे उलटं झालं तर जखम वाढते.

आता मुंग्या. कमरेतून पायाच्या बोटापर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे मीटरभर लांब असतो, आणि त्याला लागणारा बराचसा माल कमरेजवळच्या पेशीत तयार होऊन मायक्रोट्यूब्यूलच्या, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या, रुळांवरून खाली जातो. व्हिन्क्रिस्टीन हे रूळच उखडतं. कर्करोगाची पेशी विभागताना याच रुळांवर अवलंबून असते, म्हणून ती मरते. पण चेतातंतूची वाहतूकही अडते. लोकल बंद पडली की आधी हाल विरारच्या माणसाचे होतात, चर्चगेटच्या नाही. तसंच इथे: घोट्याचा रिफ्लेक्स पहिला जातो, मग तळपायाला मुंग्या, पुढे पाऊल उचलता न येणं. आतड्याच्या चेतांना धक्का लागला की बद्धकोष्ठ. पहिल्या-दुसऱ्या मात्रेनंतर जबडा दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे धावायचं कारण नाही, तोही याचाच परिणाम.

रुळांवरून जाणाऱ्या मालात एनएमएनएटी-२ नावाचं एक प्रथिन असतं. ते काही तासांतच विरघळतं, त्यामुळे त्याचा पुरवठा सतत लागतो. ते एनएमएन या रेणूपासून एनएडी बनवतं, आणि एनएडी म्हणजे पेशीतल्या ऊर्जाव्यवहाराला लागणारा अत्यावश्यक रेणू. पुरवठा थांबला की एनएमएन साठतं, एनएडी उतरतं. हे दोघे सार्म-१ नावाच्या प्रथिनाच्या एकाच खोबणीत बसायला झगडतात. एनएडी बसलं तर सार्म-१ गप्प. एनएमएन बसलं तर ते जागं होतं आणि उरलंसुरलं एनएडी कापत सुटतं. अवघ्या काही तासांत तंतूचे तुकडे पडतात. म्हणजे तंतू नुसता उपासमारीने मरत नाही, तो आतूनच स्वतःला संपवतो. सार्म-१ काढून टाकलेल्या उंदरांना व्हिन्क्रिस्टीन दिलं तर मज्जातंतू शाबूत राहतात, हे २०१६मध्ये दाखवलं गेलं. आता सार्म-१ अडवणारे रेणू माणसांत सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत पोचलेत. (‘तारुण्य टिकवण्यासाठी’ ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एनएमएनच्या कॅप्सूल केमोच्या काळात कर्करोगतज्ज्ञाला न विचारता घेऊ नयेत, ते या खोबणीमुळे.)

वॉर्डात आज करता येण्यासारखं बरंच आहे. व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल ही बुरशीची औषधं यकृतातला व्हिन्क्रिस्टीनचा निचरा अडवतात. एकत्र दिली की पाचव्या मात्रेइतका त्रास दुसऱ्याच मात्रेत दिसू शकतो. घरात कुणाला शार्को-मारी-टूथ हा चेतातंतूंचा आनुवंशिक आजार असेल, तर आधी सांगायलाच हवं, कारण अशा रुग्णाचे पाय एकदोन मात्रांत लुळे पडू शकतात. सीईपी७२ या जनुकाच्या एका रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या मुलांना जास्त त्रास होतो असं २०१५मध्ये दिसलं, मात्र पुढच्या सगळ्या गटांत तो संबंध टिकला नाही. त्यामुळे निव्वळ त्या चाचणीवर मात्रा कमी करणं मला घाईचं वाटतं.

सार्म-१चा कापणारा भाग म्हणजे टीआयआर. हा तुकडा आधीपासून ओळखीचा होता, पण तो फक्त निरोप्या आहे असा समज होता. २०१७मध्ये कळलं, की तो स्वतःच एन्झाइम आहे, एनएडी कापणारी कात्री. मग प्रश्न आलाच: वनस्पतींच्या रोगप्रतिकार प्रथिनांच्या टोकाला जे टीआयआर असतं, तेही कापतं का? २०१९मध्ये दोन गटांनी होकार दिला. जवसाच्या तांबेऱ्याला अडवणारं एल-६, तंबाखूच्या मोझॅक विषाणूला अडवणारं ‘एन’, ही सगळी त्याच घराण्यातली. एका प्रथिनाला ओळखीचा शत्रू भेटला की अशी चार प्रथिनं एकत्र येऊन चौकडी होते. तीत टीआयआरच्या पात्या जुळल्या की कापणं सुरू.

मात्र चेतातंतू एनएडी संपल्यामुळे मरतो, पान तसं मरत नाही. पानात कापताना तयार होणारे छोटे रेणू महत्त्वाचे. ते ईडीएस-१ या प्रथिनाला चिकटतात, त्याच्या जोडीला पीएडी-४ किंवा एसएजी-१०१ असतं, आणि ही जोडी पुढच्या मदतनीस प्रथिनांना उठवते. २०२२मध्ये ही साखळी जुळली. बॅक्टेरियाही मागे नाहीत. त्यांच्यात विषाणूविरुद्ध थोएरिस नावाची टीआयआर यंत्रणा आहे, आणि सुडोमोनासचं एक टीआयआर प्रथिन तर पानात घुसून त्याचीच प्रतिकारशक्ती दाबतं.

हे पानावर बघायचं असेल तर निकोटियाना बेन्थामियाना ही तंबाखूची प्रयोगशाळेतली बहीण लागते. चार-पाच आठवड्यांची, फुलोरा न आलेली रोपं, आणि वरून तिसरं-चौथं पान. आवडीचं टीआयआर जनुक घातलेला, वनस्पतीत जनुक पोचवणारा जिवाणू अ‍ॅग्रोबॅक्टेरियम २८ अंशांवर रात्रभर वाढवायचा, गाळ खाली बसवून १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस बफर (पीएच ५.६) आणि १५० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन असलेल्या द्रावात घ्यायचा. प्रकाश किती अडतो त्यावरून मोजलेली घनता ६०० नॅनोमीटरला ०.३ ते ०.५. दोनतीन तास तसाच ठेवायचा. इंजेक्शनच्या एक तास आधी रोपांना भरपूर पाणी द्यायचं आणि उजेडात ठेवायचं, म्हणजे रंध्रं उघडी राहतात. मग १ मिलीची सिरिंज, सुई काढून, पानाच्या पाठीला टेकवायची, समोरून बोटाने आधार द्यायचा आणि हळू दाबायचं. द्रव पसरतो तसा पानाचा हिरवा रंग गडद ओला होत जातो, आणि त्या ओल्या काठाभोवती मार्करने रेघ मारायची. जोर दिला तर सिरिंजच्या तोंडाखाली गोल भोक पडतं आणि दोन दिवसांनी ते भोकच ‘मृत्यू’ म्हणून मोजलं जातं. बरोबर झालं तर ४८ ते ७२ तासांत रेघेच्या आतला भाग कागदासारखा वाळतो.

सोबत नियंत्रण हवंच. एकाच पानावर चार ठिपके: जनुक नसलेला रिकामा वाहक, मूळ जनुक, कात्रीच्या मर्मातलं ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बदलून अ‍ॅलनीन केलेलं जनुक, आणि पेशी हमखास मारणारं दुसरं काहीतरी, जे टीआयआरवर अवलंबून नाही. ग्लुटामेट बदललेला ठिपका हिरवा राहिला आणि प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) दिसलं, तर कात्रीच जबाबदार. प्रथिनच दिसत नसेल तर निष्कर्ष काढू नका. डोळ्यावर विश्वास नसेल तर विद्युतवाहकता मोजा, कारण मेलेल्या पेशींतून पाण्यात क्षार झिरपतात: पानाच्या चकत्या आधी अर्धा तास डिस्टिल्ड पाण्यात धुवा, कारण कापलेल्या कडेतून क्षार सुटतात, मग नव्या पाण्यात ठेवून तासातासाला मीटर लावा. एनएडी मोजायचं तर पान थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाका. आम्लात काढलं तर एनएडी टिकतं आणि एनएडीएच हे त्याचंच दुसरं रूप नष्ट होतं, अल्कलीत उलट. हे न लक्षात घेता एकाच बाटलीत काढलेले आकडे निरर्थक असतात.

मुंबईतली खरी अडचण तापमानाची. ‘एन’ जनुक २८ अंशांच्या वर काम सोडतं. तिथे ठेवलेल्या तंबाखूत विषाणू निवांत सगळ्या रोपात पसरतो. तेच रोप परत २२ अंशांवर आणलं की विषाणू असलेला प्रत्येक भाग एकदम कोसळतो, जणू सगळ्या खोल्यांत अलार्म एकाच वेळी वाजला. गंमत म्हणून बघायला छान, शेतात नाही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात उष्णतेने सीबीपी६०जी या जनुकाची अभिव्यक्ती घटते आणि सॅलिसिलिक आम्ल या बचावाच्या संप्रेरकाची वाट बंद होते, हे २०२२मध्ये समजलं. पण बेन्थामियानाच्या चाचणीत दुसराही सापळा आहे: अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचं डीएनए पाठवायचं यंत्र थंडच बरं असतं, २८-२९च्या वर मंदावतं. म्हणजे मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत ठिपका हिरवा राहिला, तर प्रतिकारशक्ती झोपली की जनुकच पोचलं नाही, हे सांगता येत नाही. जनुक पोचलं हे दाखवणारं, हिरवं चमकणारं जीएफपी प्रथिनाचं जनुक त्याच पानावर टोचलेलं नसेल तर त्या दिवसाचा प्रयोग टाकून द्या. जुलैत आणखी एक. हवेत ९० टक्के ओल असली की वाळण्याऐवजी ठिपका ओलसर, पारदर्शक राहतो, कधी मृत्यू उशिरा येतो. ग्रोथ चेंबर २२ अंश, ६० टक्के ओल, सोळा तास उजेड, आणि थर्मामीटर एसीच्या तोंडाजवळ नाही, तर पानाच्या पातळीवर.

मग भातात हेच जनुक का घालत नाही, असा प्रश्न येतो. भात, गहू, ज्वारी, बाजरी यांच्याकडे टीआयआर असलेली ही रोगओळखणारी प्रथिनं नाहीतच. ईडीएस-१, पीएडी-४ आहेत, पण एसएजी-१०१ आणि त्याच्या साथीचं मदतनीस प्रथिन एनआरजी-१ नाही. म्हणजे बोगी आणून काही होत नाही, इंजिनही सोबत हवं. बटाट्यात मात्र चित्र वेगळं: पीव्हीवाय विषाणूला रोखणारं ‘आरवाय-स्टो’ हे टीआयआर घराण्यातलंच आहे.

भाताने कडा करप्याविरुद्ध, म्हणजे पानं वाळवणाऱ्या जिवाणूच्या रोगाविरुद्ध, वेगळ्या वाटा शोधल्यात. हैदराबादच्या सुधारित सांबा महसुरीत एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ अशी तीन जनुकं एकत्र आहेत. एक्सए१३मध्ये तर प्रतिकार असा नाहीच, जिवाणू जे साखर बाहेर काढणारं जनुक चालू करतो त्याचा कडीकोयंडाच बदललेला आहे. कर्जत-पनवेलच्या दमट उन्हाळ्याला एक्सए७कडे जास्त लक्ष द्यावं असं माझं मत. बहुतेक जनुकं उष्णतेत ढिली पडतात, हे मात्र दिवसा ३५ आणि रात्री ३१ अंशांत २९-२१ पेक्षा जास्त जोमाने काम करतं.

कुठलाही वाण पारखायला साधी रीत अशी: ४० ते ४५ दिवसांची रोपं, जिवाणूचा मिलीला १० कोटी ते १०० कोटी पेशींचा द्राव, त्यात बुडवलेली कात्री, प्रत्येक रोपाच्या पाच पानांची टोकं २-३ सेंमी कापायची. संध्याकाळी कापा, दुपारी द्राव टोकावर सुकतो. चौदाव्या दिवशी कापापासून पिवळ्या डागाची लांबी मोजा. तीन सेंमीच्या आत असेल तर प्रतिकारक. टीएन-१सारख्या कच्च्या वाणात तोच डाग पंधरा सेंमीच्या पुढे जातो, आणि तो तसा गेला नसेल तर तुमचा जिवाणूच मेलेला होता. वहीत डागाच्या रकान्याशेजारी त्या चौदा दिवसांचं कमाल-किमान तापमान लिहा. तो रकाना नसलेल्या तक्त्यावरून ‘प्रतिकारक’ म्हणून विकलेला वाण पुढच्या मोसमात का आडवा झाला, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.