तीन आऊटनंतरचा चौथा आऊट

स्कोअर ४-४. शेवटची इनिंग, पाहुणा संघ बॅटिंगला, एक आऊट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. कोथरूडमधल्या एका मैदानावर आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल मॅच चालू होती आणि मी प्लेट अंपायर, म्हणजे होम प्लेटमागची अंपायर होते. पुण्यात शाळा-कॉलेजच्या बेसबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मॅचेसना मी बरीच वर्षं उभी राहते आहे. नियमपुस्तकातला एक नियम दर पावसाळ्यात उजळणीला काढायचे आणि हा काही आपल्याला मैदानावर दिसायचा नाही, असं म्हणून पान उलटायचे. त्या दुपारी तो समोर घडला.

बॅटरने मारलेला चेंडू दुसऱ्या बेसच्या मागे मोकळ्या जागेत पडणार असंच वाटत होतं. दोन्ही रनरनी तेच धरलं आणि सुटले. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) मात्र पाठमोरा धावत गेला आणि पालथं पडत त्याने झेल घेतला. दोन आऊट. पहिल्या बेसवरचा रनर तोवर दुसरा बेस ओलांडून गेला होता. "परत फिर, परत!" असा ओरडा झाला, तो वळला. शॉर्टस्टॉपने गुडघ्यावर बसूनच पहिल्या बेसकडे फेक केली. टप्पा पडून आलेला चेंडू फर्स्ट बेसमनने अंग लांबवून उचलला, पाय बेसवरच होता. तीन आऊट.

या सगळ्यात तिसऱ्या बेसवरच्या मुलाने मागे वळून पाहिलंच नव्हतं. मान खाली घालून तो नव्वद फूट पळाला आणि होम प्लेटवर पाय देऊन थेट डगआउटमध्ये शिरला. अशा वेळी प्लेट अंपायरने थोडं तिरकं सरकून उभं राहायचं असतं, म्हणजे प्लेटवर पडणारा पाय आणि पलीकडे होणारा आऊट एकाच नजरेत येतात. पाय आधी पडला होता. फेक अजून हवेत होती. मी प्लेटकडे बोट केलं आणि स्कोअररच्या टेबलाकडे बघून मोठ्यांदा म्हटलं, "रन धरा!"

ते कुणाच्याच कानावर गेलं नाही. फिल्डिंगचा संघ शॉर्टस्टॉपच्या अंगावर उड्या मारत होता.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. डबल प्ले (एका फटक्यावर दोन आऊट) झाला, इनिंग संपली, म्हणजे रन नाही, असं खेळाडूच काय, कोचही धरून चालतात. रन रद्द होते ती तिसरा आऊट फोर्सचा, म्हणजे मागून येणाऱ्यामुळे पुढचा बेस घ्यावाच लागणाऱ्या रनरचा असेल किंवा बॅटर पहिल्या बेसला पोचण्याआधी बाद झाला असेल तर. झेल घेतला की बॅटर गेला. मग मागून कुणी ढकलणारा उरत नाही, त्यामुळे रनरवर फोर्सही उरत नाही. पहिल्या बेसवरचा मुलगा आऊट झाला तो मूळ बेसला वेळेत परत शिवला नाही म्हणून. हा नुसता वेळेचा हिशोब आहे: आधी रन की आधी आऊट? रन आधी झाली, म्हणून धरायची.

पण तिसऱ्या बेसवरच्यानेही तीच चूक केली होती. झेलणाऱ्याच्या हाताला चेंडू लागेपर्यंत बेस सोडायचा नसतो, सोडला तर परत येऊन शिवायचं असतं. तो आला नव्हता. तरी अंपायर आपण होऊन त्याला आऊट देऊ शकत नाही. फिल्डिंग संघाने चेंडू घेऊन तिसरा बेस शिवायचा आणि अपील करायचं. ते मान्य झालं तर त्याच्या आऊटला आधीच्या तिसऱ्या आऊटपेक्षा जास्त मान मिळतो आणि रन जाते. यालाच चौथा आऊट म्हणतात. मुदत एवढीच की पिचर आणि सगळे इनफिल्डर (बेसच्या आसपासचे फिल्डर) फेअर हद्द, म्हणजे दोन फाउल लाइनच्या आतलं मैदान सोडून डगआउटकडे निघायच्या आत.

मला हे सगळं माहीत होतं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नव्हतं. एका संघाला सुचवणं म्हणजे दुसऱ्याची रन काढून घेणं. त्या काही सेकंदांत घशाला कोरड पडली होती. पिचर लाइन ओलांडून गेला. फर्स्ट बेसमनने चेंडू पिचरच्या मातीवर टाकला आणि तोही गेला. शॉर्टस्टॉपला तर खांद्यावर घेऊनच नेलं.

कॅचर तेवढा तिथेच होता. मास्क काखेत मारून तो स्कोअररच्या टेबलाकडे बघत होता. तिथे एसवायची एक मुलगी स्कोअर लिहायला बसली होती आणि तिने फळ्यावर पाहुण्या संघापुढे ५ लावला होता. कॅचरने फळा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा सरळ ठेवला. मग त्याने तिसऱ्या बेसकडे पाहिलं. थर्ड बेसमन अजून आत होता. बेसपासून दोन पावलांवर उकिडवा बसून बुटाची लेस बांधत होता.

"अरे थांब! हलू नको तिथून!" कॅचर ओरडतच मातीवर धावला, चेंडू उचलला आणि फेकला. लेस सुटलेलीच ठेवून थर्ड बेसमनने चेंडू झेलला आणि बेसवर पाय ठेवला. त्याला स्वतःला कशासाठी हे कळलेलं दिसत नव्हतं. कॅचर माझ्याकडे वळून स्वच्छ म्हणाला, "मॅडम, अपील. यांचा रनर झेलाच्या आधी निघाला."

मी हात वर केला. आऊट. रन नाही.

पाहुण्यांचे कोच तावातावाने आले. "मॅडम, तीन आऊट झाल्यावर इनिंग संपली ना? चौथा कुठून आणला?" त्यांचा राग खोटा नव्हता. मी पिशवीतून नियमपुस्तक काढलं, ५.०९ (सी) दाखवला, आणि क्रिकेटची आठवण करून दिली. क्रिकेटच्या ३१ व्या नियमानुसारही अपील झाल्याशिवाय अंपायर आऊट देत नाही, आणि पुढच्या चेंडूसाठी बोलर धावू लागला की अपीलची मुदत संपते. "हाऊज दॅट" ओरडत वाढलेल्या आपल्या मुलांना हे अवघड जाऊ नये. त्यांनी दोनदा वाचलं, मान हलवली आणि आपल्या रनरला बाजूला घेऊन गेले.

हा नियम फसवा आहे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्या मुलाची रन मुळातच कच्ची होती, ती पकडायची जबाबदारी समोरच्या संघाची होती आणि एका जागरूक कॅचरने ती पार पाडली. जे जागरूक राहत नाहीत त्यांचं काय होतं, तेही घडलेलं आहे. जपानमध्ये कोशिएन या हायस्कूल बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, २०१२ च्या उन्हाळ्यात, सेइसेइको आणि नारुतो या शाळांच्या मॅचमध्ये हुबेहूब हीच स्थिती आली: एक आऊट, पहिल्या-तिसऱ्या बेसवर रनर, शॉर्टस्टॉपचा झेल, फेक पहिल्या बेसला. सेइसेइकोचा रनर जाणूनबुजून होमला पळाला होता, नारुतोचे खेळाडू अपील न करता निघून गेले आणि रन धरली गेली. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डॉजर्स संघाला अॅरिझोनाविरुद्ध अशीच रन मिळाली. तिथे तर समोर सगळे व्यावसायिक खेळाडू होते.

आमची मॅच पुढे यजमानांनी जिंकली. मला जास्त आठवतं ते नंतरचं. स्कोअर लिहिणारी मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिने लिहिलेला पहिल्या बेसचा ६-३ (फिल्डरना ठरलेले क्रमांक असतात; हा शॉर्टस्टॉपकडून फर्स्ट बेसमनकडे) खोडायचा होता, कारण तो आऊट आता मोजलाच जाणार नव्हता. त्याच्या जागी तिसऱ्या बेसचा २-५ (कॅचरकडून थर्ड बेसमनकडे) आला आणि पहिल्या बेसवरून निघालेला मुलगा कागदोपत्री बेसवरच राहिला. तिने ते नीट लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, मग पाचवा आऊटपण असू शकतो?"

असू शकतो. एक आऊट, तिन्ही बेस भरलेले, झेल घेतला गेला आणि तिघंही बेस परत न शिवता पळाले, तर फिल्डिंगचा संघ तिन्ही ठिकाणी अपील करू शकतो आणि त्यातला आपल्या फायद्याचा आऊट निवडू शकतो. तिने तिथेच वहीच्या मागच्या पानावर डायमंड काढून तीन रनर मांडले. कॅचर आणि शॉर्टस्टॉप पाणी प्यायला आले होते, तेही वाकून बघायला लागले, आणि कुठला आऊट घ्यायचा यावरून तिघांची चांगलीच जुंपली.