कट आधी फायलीत रचा, मग कादंबरीत

दगा झालेल्या हेराची कथा लिहायला घेणारे बहुतेक जण पाठलागापासून सुरुवात करतात. पहिली काही प्रकरणं धावतात, मग नायक विचारतो, ‘पण मलाच का?’ आणि कथा तिथेच बसते. कारण लेखकाकडे उत्तर म्हणून फक्त एक दुष्ट मोठा साहेब असतो. सरकारी यंत्रणा नुसत्या दुष्टपणापायी आपला माणूस पणाला लावत नाही. तिला काहीतरी वाचवायचं असतं, आणि जे वाचवायचं ते बहुधा एखाद्या फायलीत सही-शिक्क्यासकट पडलेलं असतं. ती फाईल कुठली, तिच्यावर सही कुणाची आणि ती कितीजणांच्या हातून गेली, हे ठरल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नये.

त्याआधी एक नेहमीचा घोळ मिटवून टाकू. हेरखात्याचा पगार घेतो तो अधिकारी. तो परमुलखात ज्याला फितवतो, जो स्वतःच्या कार्यालयातले कागद चोरून आणतो, तो एजंट. पडद्यावर दोघांनाही एजंट म्हणतात, पण दगा झाला की दोघांची गत वेगळी होते. दूतावासाच्या आडून काम करणारा अधिकारी सापडला, तर १९६१च्या व्हिएन्ना करारामुळे त्याच्यावर खटला भरता येत नाही. ‘नकोशी व्यक्ती’ ठरवून देशाबाहेर काढतात. एजंटाला असलं कवच नसतं. १३ जून १९८५ रोजी अमेरिकी हेरखात्याचा, म्हणजे सीआयएचा, अधिकारी पॉल स्टॉम्बॉ मॉस्कोत पकडला गेला आणि मायदेशी परतला. तो ज्याला भेटायला निघाला होता तो अभियंता अडॉल्फ टोल्काचेव्ह आधीच अटकेत होता. पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड झाला. थ्रिलरला सगळ्यात सोयीचा तिसरा प्रकार: राजनैतिक कवच नसलेला, व्यापारी किंवा सल्लागार म्हणून वावरणारा अधिकारी. तो सापडला की त्याचंच सरकार ‘हा आमचा नाही’ म्हणून हात वर करू शकतं, आणि त्यासाठी कुणाला खोटं कागदपत्र करावं लागत नाही. खरं कागदपत्रच मुळात केलेलं नसतं.

आता कारण. माझ्या मते तीनच कारणं कादंबरीचं वजन पेलतात.

पहिलं, वरचा खबऱ्या वाचवायला खालचं सगळं जाऊ देणं. बर्लिनमध्ये सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून सोव्हिएत टेलिफोनच्या तारांपर्यंत सुमारे ४५० मीटरचा बोगदा खणला. १९५३ साली लंडनमध्ये त्याची बैठक झाली तेव्हा टिपणं घ्यायला ब्रिटिश हेरखात्याचा जॉर्ज ब्लेक बसला होता, आणि ब्लेक केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचा, माणूस होता. म्हणजे पहिली कुदळ पडण्यापूर्वीच केजीबीला सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी बोगदा होऊ दिला, मे १९५५ पासून जवळजवळ वर्षभर आपल्याच लोकांची संभाषणं शत्रूला ऐकू दिली आणि एप्रिल १९५६ मध्ये तो ‘योगायोगाने’ सापडल्याचं नाटक केलं. का? लगेच बंद केला असता तर बातमी फुटली कुठून याचा शोध सुरू झाला असता आणि तो ब्लेकपर्यंत पोचला असता. तुमच्या नायकाला असाच कुणीतरी सोडून देऊ शकतो. त्याला विकणाऱ्या साहेबाला त्याचा राग नसतो. त्याच्याहून मोलाचा कुणीतरी दुसरीकडे बसलेला असतो. हे कारण वाचकाला पटतं आणि छळतंही, कारण हिशेबाने ते बरोबरही असू शकतं.

दुसरं, एकदा दिलेला चुकीचा निकाल वाचवणं. इथे ड्रायफस प्रकरण सोडून पुढे जाताच येत नाही. कट पायरीपायरीने कसा वाढतो हे शिकायला याच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं नाही. सप्टेंबर १८९४ मध्ये पॅरिसच्या जर्मन दूतावासातल्या रद्दीतून एक फाडलेलं पत्र फ्रेंच लष्कराच्या हेरविभागात आलं. त्यात कुणीतरी जर्मनांना फ्रेंच लष्करी गुपितं देऊ केली होती. अक्षर जुळतं असं म्हणत फ्रेंच लष्करातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफसला पकडलं. पुरावा तोकडा पडतोय असं वाटल्यावर एक गुप्त फाईल बचाव पक्षाला न दाखवता परस्पर न्यायाधीशांकडे पोचवली. बेकायदा पाऊल पडलं ते इथे. त्या क्षणी कट करणाऱ्यांच्या मते ते एका खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा करत होते. १८९६ मध्ये विभागाचा नवा प्रमुख पिकार याच्या हाती दुसरा कागद आला आणि खरा फितूर एस्तरहाझी असल्याचं त्याला दिसलं. वरिष्ठांनी काय केलं? पिकारला गोळी घातली नाही, त्याची बदली केली. आधी सरहद्दीवर, मग थेट ट्युनिशियात. त्याच सुमारास हेरविभागातल्याच मेजर आंरी याने ड्रायफसचं नाव असलेलं एक पत्र बनवून फायलीत घुसवलं. जानेवारी १८९८ मध्ये एस्तरहाझी लष्करी न्यायालयातून निर्दोष सुटला. जुलैमध्ये युद्धमंत्री काव्हेन्याक याने तेच बनावट पत्र खरं समजून संसदेत वाचून दाखवलं.

आणि फुटलं कशाने? ऑगस्ट १८९८ मध्ये काव्हेन्याकच्या कार्यालयातला कॅप्टन क्विन्ये रात्री दिव्याखाली फाईल तपासत होता. पत्र आखीव चौकटींच्या कागदावर होतं. वरचा मायना आणि खालचा शेवट यांच्या रेघांचा रंग मधल्या मजकुराच्या रेघांशी जुळेना. दोन वेगळ्या पत्रांचे तुकडे जोडले होते. क्विन्ये ड्रायफसच्या बाजूचा नव्हता, हे महत्त्वाचं. तो कटाच्याच बाजूने कागद नीट लावायला बसला होता. आंरीने कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी कोठडीत गळा चिरलेला सापडला.

यातून लेखकाने उचलायचं ते हे: सगळं माहीत असलेला सूत्रधार इथे कुणीच नाही. प्रत्येकाने आदल्याची चूक झाकायला एकेक पाऊल टाकलं, आणि मंत्र्याला तर आपण कटात आहोत याचाच पत्ता नव्हता. तुमच्या कादंबरीत शेवटी खुर्चीत बसून सगळा कट समजावून सांगणारं पात्र असेल, तर ते काढून टाका. तेवढी माहिती एका डोक्यात असूच शकत नाही.

तिसरं कारण राजकीय: एखादा जाहीर दावा खोटा ठरू नये म्हणून. जुलै २००३ मध्ये वॅलरी प्लेम या सीआयएच्या अधिकारी असल्याचं वर्तमानपत्रातल्या एका स्तंभात छापून आलं. इराक युद्धाच्या समर्थनार्थ केलेल्या एका दाव्यावर त्यांच्या पतीने आठवड्याभरापूर्वी जाहीर टीका केली होती. या प्रकरणातला बारकावा कुणाही लेखकाने जपून ठेवावा असा आहे. त्यांनी १९९९ मध्ये राजकीय देणगी देताना नोकरीच्या रकान्यात ब्रूस्टर जेनिंग्ज हे आडोशाच्या कंपनीचं नाव लिहिलं होतं. नाव फुटल्यावर त्या सार्वजनिक नोंदीतून कंपनीही उघडी पडली. आडोशाची कंपनी गेली की तिच्या नावाने वावरणारा प्रत्येक जण आणि त्यांना भेटलेला प्रत्येक परदेशी माणूस धोक्यात येतो. दगा एकाचा, झळ अनेकांना. पुढच्या प्रकरणांचं इंधन इथून मिळतं.

कारण पक्कं झालं की तक्ता करा. चार रकाने: तारीख, घटना, त्या दिवशी हे कुणाकुणाला माहीत होतं, आणि त्याचा कुठला कागद उरला. तीस-चाळीस ओळी पुरतात. अशी कथानकं फसतात ती जवळजवळ नेहमी तिसऱ्या रकान्यात. एखाद्या पात्राला एखादी गोष्ट दोन दिवस आधीच कळलेली असते, आणि चाणाक्ष वाचक ते पकडतो.

तारखांत किती नाट्य असतं ते पाहायचं तर १९८५ साल पुरेसं आहे. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत शिरला आणि १३ जूनला त्याने एजंटांची नावं दिली. लंडनमधला केजीबी अधिकारी ओलेग गॉर्डिएव्हस्की, जो ब्रिटिशांसाठी काम करत होता, त्याला मॉस्कोने परत बोलावलं ते मे महिन्यात. म्हणजे यादी जूनची आणि संशय मेमधला. मधल्या फटीत कोण होतं यावर आजही वाद आहे. आणि १३ जून म्हणजे तोच दिवस, ज्या दिवशी तिकडे मॉस्कोत स्टॉम्बॉ सापडला. टोल्काचेव्ह एम्सच्या यादीमुळे पकडला गेला नाही, हे तारीखच सांगते. त्याला विकणारा वेगळा होता: एडवर्ड ली हॉवर्ड. मॉस्कोला पाठवण्यासाठी सीआयएने त्याला पूर्ण तयार केलं आणि १९८३ मध्ये, लाय डिटेक्टरवर अडचणीत आल्यावर, नोकरीवरून काढलं. डोक्यात मॉस्कोची सगळी गुपितं आणि मनात अढी असलेला माणूस मोकळा सोडला.

कथेसाठी यातली कळीची गोष्ट अशी की एक फितूर दुसऱ्याला झाकतो. हॉवर्डचं नाव पुढे आल्यावर बऱ्याच नुकसानीचा उलगडा झाल्यासारखं वाटलं आणि एम्स १९९४ पर्यंत टिकला. कादंबरीच्या मध्यावर नायकाला एक खरा, पण अपुरा गुन्हेगार सापडू द्या. खोटा संशयित ठेवण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

खोटा संशयित हवाच असेल तर तो असा असावा: मॉस्कोसाठी हेरगिरी करणारा एफबीआयचाच अधिकारी रॉबर्ट हॅन्सन पकडला जाण्याआधी एफबीआय ही अमेरिकी तपास यंत्रणा सीआयएच्या एका निर्दोष अधिकाऱ्याच्या मागे लागली होती. त्याच्या घरी बागेचा हाताने काढलेला नकाशा मिळाला, त्यावर वेळा लिहिलेल्या. तपासणाऱ्यांना त्या गुप्त ठिकाणी पाकीट ठेवण्याच्या वेळा वाटल्या. तो नकाशा त्याच्या धावण्याचा होता. लाय डिटेक्टरमध्ये तो पास झाला, तर ‘किती मुरलेला हेर आहे’ असा अर्थ काढला. एम्सही दोनदा पास झाला होता, तिथे उलटा अर्थ निघाला. तेव्हा त्या यंत्राचा प्रसंग लिहायचाच असेल तर यंत्राच्या निकालाने काही सिद्ध करू नका. निकाल वाचणाऱ्याला आधीपासून काय हवं होतं ते दाखवा.

एम्स सापडण्याची वाट रटाळ आहे, म्हणूनच सुंदर. त्याच्या अधिकृत गाठीभेटींची यादी आणि बँकेतल्या रोख भरण्याची यादी शेजारी ठेवली. १७ मे १९८५ ला सोव्हिएत मुत्सद्द्याबरोबर जेवण, १८ मे रोजी ९,००० डॉलर जमा. २ जुलैला जेवण, ५ जुलैला ५,०००. ३१ जुलैला जेवण, त्याच दिवशी ८,५००. दहा हजारांवर रोख भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं, म्हणून प्रत्येक रक्कम त्याच्या आत. तुमच्या नायकाला तिजोरी फोडायला लावण्यापेक्षा दोन कंटाळवाण्या याद्या मिळवून द्या. हा प्रसंग पानभर लिहिला तरी वाचक हलत नाही.

पळून जाण्याच्या प्रसंगात लेखक सगळ्यात जास्त घसरतात. हॉवर्ड सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या सांता फे शहरातून निसटला तो असा: गाडी बायको चालवत होती, एका वळणावर तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी तयार ठेवलेला पुतळा उभा केला. घरी पोचल्यावर बायकोने त्याच्या आवाजाची टेप फोनवर वाजवली, म्हणजे तार ऐकणाऱ्यांना वाटावं की साहेब घरीच आहेत. गंमत म्हणजे घरावर नजर ठेवणाऱ्याच्या लक्षात ते दोघं बाहेर पडलेलंच आलं नव्हतं. पुतळ्याची सगळी मेहनत कुणी पाहिलीच नाही. असली वाया गेलेली हुशारी एखाद्या ठिकाणी जरूर ठेवा, खरेपणा येतो.

गॉर्डिएव्हस्कीची सुटका उलट टोकाची. मंगळवारी संध्याकाळी मॉस्कोतल्या ठरलेल्या रस्त्यावर सेफवे या दुकानाची पिशवी घेऊन उभं राहायचं. लंडनच्या हॅरॉड्स दुकानाची पिशवी घेऊन मार्स किंवा किटकॅट चॉकलेट खात जाणारा माणूस दिसला की निरोप पोचला. गॉर्डिएव्हस्की मॉस्कोत असो वा नसो, ब्रिटिशांचा कुणीतरी वर्षानुवर्षं ती जागा बघत होता. जुलै १९८५ मध्ये एकदाच ती खूण उपयोगी पडली आणि तो राजनैतिक गाडीच्या डिकीतून फिनलंडला पोचला. म्हणजे सुटकेची वाट ही आयत्या वेळी सुचत नाही. कुणीतरी तिचा खर्च आणि कंटाळा आधी सोसलेला असतो. तुमच्या नायकाला स्वतःच्याच खात्याने वाऱ्यावर सोडलं असेल तर त्याला ही सोय नाही. मग त्याची अडचण भिंतीवर चढण्याची नसते. ओळखपत्र, रोख पैसे आणि रात्र काढायला छप्पर, ही असते. जे पारपत्र खात्याने दिलं ते वापरताच खात्याला कळतं.

शेवटी पुरावा. इराण-कॉन्ट्रा प्रकरणात (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण) १९८६ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या ऑलिव्हर नॉर्थने कागद यंत्रात घालून कातरले, संगणकावरचे निरोपही पुसले. पण त्या यंत्रणेच्या प्रती वेगळ्या फितींवर आपोआप साठत होत्या, आणि तपास करणाऱ्यांना त्या तिथे मिळाल्या. आजच्या काळातली कथा असेल तर कट करणाऱ्यांचं खरं दुखणं हेच: मूळ नष्ट करता येतं, प्रती कुठे कुठे आहेत ते ठाऊक नसतं.

पुरावा हाती आल्यावर नायक तो कुणापुढे ठेवतो यावर शेवट अवलंबून आहे, आणि इथे कायदा जरा वाचून घ्यावा. प्लेम प्रकरणात नाव फोडल्याबद्दल कुणावरच आरोप ठेवला गेला नाही. २००७ मध्ये अमेरिकी उपाध्यक्षांचे सहकारी लुईस लिबी दोषी ठरले ते तपासात अडथळा आणि खोटी साक्ष यांसाठी. नॉर्थचं तर आणखी वेगळं झालं. त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती ती ‘ही साक्ष माझ्याविरुद्ध वापरली जाणार नाही’ असं संरक्षण घेऊन. साऱ्या देशाने ती दूरचित्रवाणीवर पाहिली. त्याच साक्षीचा परिणाम खटल्यातल्या साक्षीदारांवर झाला असेल, या मुद्द्यावर अपिलात त्याची शिक्षा टिकली नाही आणि १९९१ मध्ये खटला मागे पडला. तेव्हा नायकाने खलनायकाला संसदेच्या समितीपुढे उभं करून टाळ्या मिळवायचं ठरवलं, तर पुढच्याच प्रकरणात त्या खलनायकाचा वकील हसत न्यायालयात शिरेल.