खाजनाचा नकाशा काळा पडतो तेव्हा: माझा अनुभव

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनांचा (बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींचा) त्रिमितीय नकाशा आम्ही वेबजीएलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्र काढायच्या तंत्रात, केला: बांध, मानशी (बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दारं), भरतीचं पाणी कुठवर चढतं ते. लॅपटॉपवर तो उत्तम चालायचा. बांधावर मात्र फोटोसाठी कॅमेरा उघडून परत ब्राउझरवर आलं की काही फोनांवर नुसता काळा चौकोन दिसे. मेमरी कमी पडल्यामुळे ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट (पानाला जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, चित्र काढायला मिळालेली जागा आणि तिथली सगळी स्थिती) हिरावला जात होता आणि टेक्स्चर (पृष्ठभागावरची चित्रं), बफर (आकारांची माहिती), शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) सगळं त्याच्याबरोबर जात होतं.

पहिली दुरुस्ती एका ओळीची. कॅनव्हासवर (पानातल्या चित्राच्या चौकोनावर) ‘वेबजीएल-कॉन्टेक्स्ट-लॉस्ट’ इव्हेंट, म्हणजे कॉन्टेक्स्ट गेल्याची ब्राउझरची सूचना, ऐकायचा आणि त्यात प्रिव्हेंट-डिफॉल्ट करायचं, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती रोखायची. ते करायचं राहून गेलं तर कॉन्टेक्स्ट परत आल्याचा ‘रिस्टोअर्ड’ इव्हेंट येतच नाही. तिथेच रेखाटनाचं चक्र थांबवायचं. साध्या सपाट चित्रांच्या टूडी कॅनव्हासला मात्र हा नियम उलटा आहे: तिथे प्रिव्हेंट-डिफॉल्ट केलं तर कॉन्टेक्स्ट परत येत नाही. दोन्ही एकाच पानावर असतील तर इथे हमखास गोंधळ होतो.

खरं काम त्यानंतरचं. परत आलेला कॉन्टेक्स्ट रिकामा असतो. जुनी टेक्स्चर चालत नाहीत, एक्स्टेन्शन (वेबजीएलच्या जादा सोयी) पुन्हा मागावी लागतात, डेप्थ टेस्ट (पुढचं काय, मागचं काय ते ठरवणं) आणि ब्लेंडिंग (रंग मिसळणं) यांच्या सेटिंग मूळपदावर गेलेल्या असतात. म्हणून सगळी उभारणी एकाच फंक्शनमध्ये आणली. पहिल्यांदा उघडताना तेच, परत उभारतानाही तेच. जमिनीच्या उंचीची माहिती जीपीयूकडे पाठवून आम्ही आमच्याकडचा अॅरे (आकड्यांची यादी) टाकून देत होतो, ते बंद केलं. 1024 × 1024 फ्लोटला 4 एमबी लागतात, तेवढी जागा द्यावीच.

एक फसवी चूक: कॉन्टेक्स्ट गेलेला असताना लिंक-स्टेटस (शेडर नीट जोडले गेले का ते) विचारलं तर ‘नल’ मिळतं आणि शेडर बिघडल्याची खोटी तक्रार उठते. आधी इज-कॉन्टेक्स्ट-लॉस्ट तपासावं.

चाचणीसाठी कॉन्टेक्स्ट मुद्दाम घालवणारं लूज-कॉन्टेक्स्ट एक्स्टेन्शन आधीच हातात घेऊन ठेवायचं, कॉन्टेक्स्ट गेल्यावर मागून ते मिळत नाही. त्यातलं रिस्टोअर फक्त त्यानेच घालवलेला कॉन्टेक्स्ट परत आणतं, खरा गेलेला नाही. खऱ्याच्या जवळ जायचं तर क्रोममध्ये जीपीयूचं काम मुद्दाम पाडणारं क्रोम://जीपीयूक्रॅश उघडावं, पण त्याचा फटका बाकीच्या टॅबनाही बसतो.

आणि कॉन्टेक्स्ट कधी कधी परत येतच नाही. पाच सेकंद वाट पाहून आम्ही नकाशाचं साधं चित्र आणि ‘पुन्हा उघडा’ हे बटण दाखवतो. निवडलेली मानस पानाच्या वेब-पत्त्यातच लिहिलेली असते, त्यामुळे पान त्याच जागी उघडतं.