फळीच्या फटीतून

फ्लेमिंगो बघायला गेलेल्या माणसाने मान वर ठेवायची असते. माझी सारखी खाली जाते. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात तिवरांमधून, म्हणजे खारफुटीतून, फळ्यांची वाट काढलीय, बोर्डवॉक म्हणतात, त्यावरून सगळे गळ्यात कॅमेरे घालून खाडीकडे तरातरा जात असतात आणि मी मधेच कठड्याला टेकून चिखल बघत उभा. बायको पुढे निघून जाते. तिला सवय झालीय आता.

दुपारी तीनची वेळ होती, ओहोटी पूर्ण. ही वेळ मी मुद्दाम काढून गेलो होतो. भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची, त्या दिवशी बारस, बारा पाऊण नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. हे गणित मामीचं. मामी शाळेत फार गेलेली नाही पण पाऊणकी पाठ. बोटीत बसून पक्षी बघायचे तर भरतीचं पाणी लागतं, त्यामुळे ओहोटीला बोर्डवॉकवर गर्दी कमी, आणि खरी मजा तर तेव्हाच असते. पाणी उतरलं की तिवरांची मुळं दिसतात, चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी, हजारो, श्वास घ्यायला वर आलेली. त्यांच्यामधून एक नांगी मोठी एक बारकी असे ते छोटे खेकडे, सारखी मोठी नांगी हलवत. आणि निवटे, चिखलातले ते मासे!

निवट्यांशी माझी आधीची ओळख कालवणातली. राखेत घोळवून त्यांचा बुळबुळीतपणा काढायचा, मग कैरी घालून आंबटसर कालवण. जिवंत निवटा असा निवांत बघितला तो याच फळ्यांवरून. कल्ल्यांत पाणी भरून घेऊन उघड्यावर येतो, पुढच्या परांवर रेटत रेटत चिखलातून चालतो, नर तर पाठीवरचा पर फुलवून उड्या काय मारतात. मासा असून उड्या मारतो, आणि इतकी वर्षं मला त्याची फक्त चव माहीत.

तसं व्हायला कारण आहे. आजोळ खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, पेणकडे. मे महिन्यात मामी आणि शेजारच्या बायका ओहोटीला खाडीत उतरायच्या आणि आम्ही पोरं मागे. चिखलात उतरल्यावर पहिला नियम, थांबायचं नाही. "उबा ऱ्हाव नको रं, चालत ऱ्हा," मामी ओरडायची, कारण उभं राहिलं की चिखल पाय धरतो आणि मग पाय निघतो पण चप्पल निघत नाही. तिचा हात बिळात जाणार, निवटा बाहेर येणार, टोपलीत पडणार, आपण तोवर पुढे. बघायला वेळ कोणाला होता. खारट लागतं म्हणून तिवराची पानं मात्र चाटायचो, तेवढाच टाइमपास. झाड आत आलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं हे नंतर पुस्तकातून कळलं, चव आधीच कळली होती.

तिकडे बोर्डवॉक म्हणजे साकव. बांधाच्या पलीकडे जायला माडाचे दोन ओंडके टाकलेले, कठडा वगैरे काही नाही, डोक्यावर टोपली घेऊन मामी सरसर जायची आणि आम्ही बसून सरकत सरकत. साकवावरून खाली बघायचं नसतं असं आजी सांगायची, चक्कर येते म्हणून. बहुतेक म्हणूनच मला आता फटीतून खाली बघायचा नाद लागलाय, कोण काय म्हणणार.

एकदा मामीला ऐरोलीला घेऊन गेलो. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मला वाटलं आता काहीतरी जुनी आठवण सांगेल. म्हणाली, "येवढे निवटे, नि कोन धरत नाय?"

अगं मामी, अभयारण्य आहे, म्हटलं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आलं, इथे आपण काही धरायचं नाही. फ्लेमिंगो दाखवले तर म्हणाली, हां, बगळं गुलाबी हायत. मग परत निवटे मोजायला लागली.

येताना गाडीत मात्र गप्प होती. खारेपाटात शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, बांधाच्या आधारावर. बांधात उघाड्या असतात, भरतीचं पाणी दाबून झडप मिटतं आणि ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती उघडून बाहेर पडतं, इतकं सोपं. पण बांध सगळ्या गावाने मिळून राखावा लागतो. आमच्या मामांच्या शेताजवळचा उधाणात फुटला, आज दुरुस्त करू उद्या करू करत राहिला तो राहिलाच, खारं पाणी आत आलं, भात गेला आणि मागोमाग तिवरं आली. चांगली डोक्याएवढी झालीत आता. मुळं वर आलेली, खेकडे, सगळं तसंच, ऐरोलीला तिकीट काढून बघतो तसंच.

तिवर तोडायला हायकोर्टाने २००५ मध्येच बंदी केली, २०१८ ला ती कायम केली, आणि बरं केलं, नाहीतर मुंबईत एव्हाना एक झाड उरलं नसतं, हे मी कुठेही छातीठोक सांगतो. मामाने परवा फोनवर विचारलं, बांध घातला तर आपल्याच शेतातली तिवरं काढता येतील का रं? नाही येणार म्हटलं. मग भात कुठं लावू, म्हणाला. सातबाऱ्यावर अजून जमीन त्याचीच आहे.

मी पावसाचं विचारलं, तिकडे आला का म्हणून.