एथिक्स कमिटी, नववा प्रश्न आणि अकरा महिने (माझा अनुभव)

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती म्हणजे एथिक्स कमिटी. आमच्या संस्थेतल्या कमिटीच्या सदस्य सचिवांच्या केबिनबाहेर हिरव्या रेक्झिनचं एक बाकडं आहे. डाव्या कोपऱ्यातलं रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आलाय. हे इतक्या खात्रीने सांगते, कारण माझ्या पीएचडीचे अकरा महिने त्या बाकड्यावर गेले. संस्थेचं नाव सांगणार नाही. वार्षिक अहवाल अजून त्यांच्याकडेच द्यायचा आहे.

विषय थोडक्यात असा. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससी करणारी मुलंमुली सकाळी आठला बसतात ती रात्री दहाला उठतात. जाहिरात कधी येणार, वय किती उरलं, गावी काय सांगायचं, या चरकात मन कधी खचायला लागतं आणि ते वेळेत ओळखता येतं का, हे मला बघायचं होतं. एकदा बोलावून प्रश्नावली भरून घेणं ही नेहमीची रीत. पण ‘गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं’ असं विचारलं की माणूस बहुधा आजचा दिवस सांगतो. म्हणून रोज तीन वेळा फोनवर चार छोटे प्रश्न, आणि जोडीला फोन स्वतःहून टिपतो ती माहिती: हालचाल, ठिकाण, स्क्रीन कधी सुरू, कधी बंद. यात मी काही नवीन शोध लावत नव्हते. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये 2013 साली 48 विद्यार्थ्यांच्या फोनवर दहा आठवडे असा अभ्यास झाला होता. आपल्याकडेही भोपाळला संगाथ ही स्वयंसेवी संस्था आणि बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था यांनी बोस्टनच्या एका चमूबरोबर स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी असं ॲप वापरून पाहिलंय. त्यामुळे कमिटीला यात अडण्यासारखं काही दिसणार नाही, असं मी धरून चालले होते.

गाईड, सिनॉप्सिस, ॲप, सर्व्हर, सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग कमिटी.

14 प्रती द्यायच्या. मी हौसेने स्पायरल बाइंडिंग करून नेल्या. कार्यालयातल्या काकांनी वर न बघता सांगितलं, “स्पायरल चालत नाही, टॅग लावा.” ते सगळं सोडवून टॅग लावून आणण्यात एक दिवस गेला. पोच घ्यायला विसरू नका, आणि पोचेवर आवक क्रमांक आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. माझ्या पोचेवर नव्हता. पुढे ‘तुमची फाइल आलेलीच नाही’ हे ऐकताना त्या क्रमांकाची किंमत कळली.

पहिली बैठक रद्द झाली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बैठकीला निदान पाच सदस्य हवेत, आणि त्यांत संस्थेबाहेरचा माणूस हवाच. बाहेरचे अध्यक्ष गावाला, बाहेरच्या वकीलबाई कोर्टात. गणसंख्या नाही म्हणून महिना वाया. बैठकीच्या दिवशी सकाळीच फोन करून बाहेरचे सदस्य येताहेत का ते विचारा, निदान रिक्षाचे पैसे वाचतील.

दुसऱ्या बैठकीत मला सात मिनिटं मिळाली, आणि सातही मिनिटं नवव्या प्रश्नावर गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त आले की नीट तपासणी करावी असा साधारण संकेत. पहिले आठ प्रश्न झोप, भूक, थकवा, एकाग्रता वगैरे. नववा विचारतो, मेलेलं बरं असं वाटलं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, “तुम्ही विचारलंत की त्यांच्या डोक्यात येईल.” या शंकेची तयारी माझी होती. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांमधल्या 2,342 मुलांवर झालेला, 2005 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी घडाघडा सांगितला. आत्महत्येबद्दल विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही, असा त्याचा निष्कर्ष. डॉक्टरांनी मान हलवली. मला वाटलं, झालं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: ‘प्रश्न क्र. 9 वगळावा किंवा समर्थन द्यावे.’

वगळता येतो. पीएचक्यू-8 नावाची आठ प्रश्नांची आवृत्ती त्यासाठीच आहे, आणि अनेकजण ती वापरतात. खरं सांगायचं तर मी तयारही होते, मला फक्त सही हवी होती. गाईड मॅडम भडकल्या. “ताप मोजायला निघालीस आणि थर्मामीटर घरी ठेवतेस?” त्यांचं चुकत नव्हतं. आत्महत्येचे विचार काही तासांत चढतात-उतरतात, हे फोनवरून वारंवार विचारल्यामुळेच तर नीट दिसायला लागलं. महिन्याने एकदा विचारून ते सापडत नाही. मग मी चार पानी समर्थन लिहिलं, 14 प्रती काढल्या, टॅग लावले.

तिसरी बैठक. या वेळी डॉक्टर गप्प होते. कमिटीत ‘सामान्य व्यक्ती’ म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. मागच्या वेळी त्या काहीच बोलल्या नव्हत्या, म्हणून मी त्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

“अगं, रात्री दोन वाजता एखाद्या पोराने ‘हो’ लिहिलं, तर ते वाचणार कोण?”

“बाई, ते लगेच सर्व्हरवर येतं.”

“सर्व्हर म्हणजे कोण?”

मी डॅशबोर्ड म्हणाले. त्यांनी डॅशबोर्ड म्हणजे कोण, असं विचारलं. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. उत्तर सरळ होतं: कुणी नाही. सकाळी दहाला मी लॅपटॉप उघडेन तेव्हा, आणि तो सोमवार असेल तर. हे तोंडाने म्हणवेना.

त्या दिवशी मी बाईंवर जाम चिडले होते. अजूनही थोडा राग आहे, कारण हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असता तर दोन महिने वाचले असते.

आता अट अशी पडली: मानसोपचार विभागाचं लेखी पत्र आणा, की असा सहभागी आढळल्यास त्याला 24 तासांत तपासलं जाईल. विभागप्रमुख भले गृहस्थ. म्हणाले, माझी हरकत नाही, पण पत्र सुपरिंटेंडेंट साहेबांमार्फत जायला हवं. सुपरिंटेंडेंट म्हणाले, एथिक्सची मंजुरी दाखवा, मग पत्र देतो. एथिक्सचं कार्यालय म्हणालं, पत्र दाखवा, मग मंजुरी देतो. तीन इमारती, दोन जिने, एक बंद लिफ्ट. ही प्रदक्षिणा अडीच महिने चालली. मधे दिवाळी आली, मग सुपरिंटेंडेंट बदलले, मग नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगा.

याच काळात मी ॲप स्वतःच्या फोनवर टाकून बघत होते. (मंजुरीआधी दुसऱ्या कुणावर वापरायचं नाही. मैत्रिणीवरसुद्धा नाही.) एका सोमवारी त्याने नोंदवलं: साडेतीन तास एकाच जागी, हालचाल जवळपास शून्य, स्क्रीन 61 वेळा सुरू, मनःस्थिती दहापैकी दोन. घरातून बाहेर न पडणं, फिरण्याचा परीघ आकसणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, म्हणून असे अभ्यास जीपीएसकडे बघतात. माझा परीघ त्या हिरव्या बाकड्याएवढा झाला होता. पण त्यातून एक कामाचं कळलं. अभ्यासिकेत चौदा तास बसणारा मुलगा जीपीएसवर आजारीच दिसणार, आणि त्याच्या दृष्टीने तो दिवस उत्तम गेलेला असणार. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या दिवसांशी करायची, इतरांशी नाही, हे मी आराखड्यात बाकड्यावर बसूनच घातलं.

शिवाय फोनचं ‘बॅटरी बचत’ हे प्रकरण. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करतं. माझ्याच फोनवर दोन दिवसांची नोंद अशी गेली, आणि रिकामी जागा बघून मला वाटलं मी दोन दिवस मेलेच होते की काय. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्यावी लागते. हे माहितीपत्रकात चित्रांसकट टाका.

पत्राची कोंडी फोडली ती कार्यालयातल्या काकांनी. मी शेवटी रडवेली होऊन विचारलं, काका, आता काय करू? ते म्हणाले, “पत्रात ‘मंजुरी मिळाल्यास’ असं लिहून आणा ना. सगळे तसंच आणतात.” दोन शब्द! अडीच महिने! मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? “तुम्ही विचारलंच नाही.” चार दिवसांत पत्र सहीसकट हातात होतं. तर सल्ला असा, की सदस्य सचिवांना भेटण्याआधी त्यांच्या कार्यालयात जो टॅग लावायला सांगतो त्याच्याबरोबर एक चहा घ्या.

शेवटी जे मंजूर झालं ते असं. रोजच्या प्रश्नांत नववा प्रश्न नाही. तो आठवड्यातून एकदा, कामाच्या दिवशी, सकाळी दहा ते चार या वेळेतच उघडतो. उत्तर शून्याच्या वर असेल तर लगेच स्क्रीनवर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक येतो (मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं), आणि त्याच दिवशी आमच्यापैकी कुणीतरी फोन करतं. गरज पडली तर विभागात वेळ ठरलेली. यात माझं नुकसान आहे. रात्री दोनचं मन मला कळणार नाही, आणि मला तेच बघायचं होतं.

संमतीपत्राचं मराठी हा वेगळाच छळ. ‘पॅसिव्ह डेटा’ला मी शब्दकोशी थाटात ‘निष्क्रिय विदा’ लिहिलं होतं. बाईंनी त्यावर लाल रेघ मारून विचारलं, “निष्क्रिय कोण, तो मुलगा?” आता तिथे ‘फोन आपोआप नोंदवतो ती माहिती’ आहे. त्याखाली काय नोंदवत नाही तेही आहे: फोनवरचं बोलणं, मेसेजमधला मजकूर, फोटो. उलट भाषांतरही (मराठीवरून परत इंग्रजीत) करून घ्या, कंटाळा करू नका. पीएचक्यू-9 चा पहिला प्रश्न रस किंवा आनंद न वाटण्याबद्दल आहे. मी लिहिलं होतं ‘कशात मन लागत नाही’. भाषांतर करणारीने ते इंग्रजीत नेलं तर एकाग्रता होत नाही असं झालं, म्हणजे थेट सातवा प्रश्न. अभ्यासिकेतल्या मुलांना तर ‘मन लागत नाही’ म्हणजे अभ्यासातच.

आणि ठळक अक्षरात एक वाक्य आहे, ते बाईंनी बैठकीतच पेन्सिलने लिहून दिलं: ‘तुम्ही दिलेलं उत्तर त्याच क्षणी कुणीही वाचत नाही. मदत हवी असेल तर ॲपची वाट बघू नका, या क्रमांकावर फोन करा.’ माझ्या मसुद्यात त्या जागी साडेतीन ओळींचं एक वाक्य होतं. त्यात ‘सदर’ हा शब्द दोनदा होता.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा शीर्षकात ‘मानसिक आरोग्य’ऐवजी ‘मोबाईल व्यसन’ छापलेलं. दुरुस्तीला आणखी नऊ दिवस. पत्र हातात पडताच शीर्षक, तारीख आणि प्रोटोकॉलचा (अभ्यासाच्या आराखड्याचा) आवृत्ती क्रमांक तिथेच तपासा, जिना उतरू नका.

नारायण पेठेतल्या पहिल्या मुलाने संमतीपत्र बोट ठेवून वाचलं. (त्याच्याआधीचे तिघे बाद झाले, त्यांच्याकडे बटणाचे फोन होते. अभ्यासासाठी मुद्दाम घेतलेले. हे मला आधी सुचायला हवं होतं.) ठळक वाक्यापाशी तो थांबला. “म्हणजे लगेच कुणी वाचत नाही?” मी म्हटलं, लगेच नाही, पण त्या दिवशी फोन येईल. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “घरी नाही ना जाणार फोन?” नाही, तुलाच येईल, म्हटल्यावर त्याने सही केली.

अरे हो, जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) प्रशिक्षण-प्रमाणपत्र. गाईडचंही लागतं, फक्त तुमचं नाही. आणि मंजुरी एक वर्षाची असते. आमच्या पत्रावर ती पत्राच्या नव्हे, बैठकीच्या तारखेपासून धरलेली होती, म्हणजे माझे पाच आठवडे हातात पडण्याआधीच संपले होते. नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी टाका. टॅग लावून.